एकाच माणसाच्या दोन फायली

(वर्षावासानिमित्त भोर व वेल्हे परिसरातील उपासक-उपासिका आणि विद्यार्थी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मसुदा)





वर्षावासात आपण धम्मग्रंथाचे वाचन करतो, शीलाविषयी ऐकतो. आजचा विषय मात्र दवाखान्यातला आहे. एच.आय.व्ही.ची लागण झालेल्या पुरुषांना मधुमेह आणि हृदयविकार यांचा धोका अधिक का असतो, व त्याबाबत आपण काय केले पाहिजे, हे आज बोलायचे आहे. आम्ही डॉक्टर नाही. आम्ही कला शाखेचे पदवीधर, बँकेत कारकुनी करणारे. परंतु एका मित्राच्या मरणाने आम्हांला हा विषय शिकणे भाग पाडले. जे वाचले, जाणत्या डॉक्टरांना विचारून जे समजून घेतले, तेच आपल्यापुढे ठेवतो.

एका मित्राची हकिगत

आमचा एक मित्र होता. त्याचे नाव, गाव, कामधंदा आम्ही सांगणार नाही; कुणी तर्कही करू नये ही विनंती. तरुणपणी तो मुंबईला कामाला होता. तिकडून आजारी होऊन परत आला. तपासणी झाली, एच.आय.व्ही. निघाला. तो अंथरुणाला खिळला होता. पुढे सरकारी ए.आर.टी. केंद्रातून मोफत गोळ्या सुरू झाल्या आणि माणूस उठून बसला. शेतात जाऊ लागला. मुलांची शिक्षणे केली. दर खेपेला पहाटेची एस.टी. धरून पुण्याला जाई आणि गोळ्यांचा डबा पिशवीत, त्यावर भाजी ठेवून संध्याकाळी परत येई. एवढ्या वर्षांत त्याने एक गोळी चुकवली नाही.

सुरुवातीच्या काळात त्याचे गाल पार बसले होते, हातापायांच्या शिरा दिसत. नंतर औषध बदलले, अंगावर मांस आले, पोट सुटले. आम्ही त्याला भेटलो की म्हणायचो, "वा, तब्येत सुधारली हो!" तोही हसायचा. बसलेले गाल म्हणजे तो आजार आणि सुटलेले पोट म्हणजे तब्येत, असा हिशेब आम्ही मनाशी केला होता. तो हिशेब चुकला.

दोन वर्षांपूर्वी भातलावणीच्या दिवसांत त्याच्या छातीत जळजळू लागले. पित्त झाले म्हणून त्याने पित्ताच्या गोळ्या घेतल्या. चार दिवस तसेच काढले. जवळच्या दवाखान्यात जा म्हणून पत्नीने सांगितले, तर म्हणाला, "तिथे गेलो की कुठल्या गोळ्या चालू आहेत ते विचारतील." पाचव्या दिवशी पहाटे घाम फुटला, डावा हात भरून आला. गाडी मिळेपर्यंत आणि गाडी पुण्याच्या वाटेला लागेपर्यंत सगळे संपले होते.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी मंडपाबाहेर कुजबूज झाली, "शेवटी त्याच आजाराने गेला." आम्ही त्याच्या घरी कागदपत्रे बघत बसलो होतो, तेव्हा दोन फायली निघाल्या. एक ए.आर.टी. केंद्राची. तिच्यातला शेवटचा रिपोर्ट सांगत होता की, रक्तात विषाणू मोजता येण्याइतकाही उरलेला नाही. दुसरी फाइल गावाकडच्या खाजगी दवाखान्याची. तिच्यात वाढलेला रक्तदाब होता, उपाशीपोटी साखर ११८ होती, रक्तातली चरबी वाढलेली होती. पहिल्या फायलीत दुसऱ्या फायलीचा उल्लेख नव्हता, दुसरीत पहिलीचा नव्हता. माणूस एक, फायली दोन, आणि दोन्हींची गाठ त्याच्या मरणानंतर आमच्या हातात पडली.

त्याची पत्नी आम्हांला म्हणाली, "भाऊजी, नाव घेऊ नका, पण लोकांना सांगा." म्हणून आज आम्ही येथे उभे आहोत.

आजाराचे रूप बदलले

विद्यार्थी मित्रांसाठी थोडा इतिहास सांगितला पाहिजे. भारतात एच.आय.व्ही.ची लागण प्रथम १९८६ साली मद्रास येथे आढळली. १९९२ साली राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नाको, स्थापन झाली आणि त्याच सुमारास आपल्या पुणे जिल्ह्यात भोसरी येथे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था उभी राहिली. नव्वदच्या दशकात या आजाराला आपल्याकडे उपाय नव्हता असेच म्हणावे लागेल. औषधे निघाली होती, पण ती गरिबाच्या हाती लागत नव्हती. कामासाठी मुंबईला गेलेले, महामार्गावर गाडी चालवणारे कितीतरी तरुण आपण गमावले.

१ एप्रिल २००४ पासून सरकारने मोफत ए.आर.टी. सुरू केली. ज्या सहा राज्यांत ती प्रथम आली त्यांत महाराष्ट्र होता. २०१७ पासून लागण आढळली की लगेच औषध, असे धोरण आले. आज देशात सुमारे २५ लाख लोक एच.आय.व्ही.सह जगत आहेत आणि त्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा आहे. नियमित गोळी घेणारा माणूस आता आपले पुरते आयुष्य जगू शकतो. एवढेच नव्हे तर रक्तातील विषाणू मोजता येणार नाही इतका दबलेला राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही.

म्हणजेच तेव्हाचे तरुण आता पन्नाशी-साठीत आले आहेत. क्षयाने व हगवणीने जाणारा माणूस आता हृदयविकाराच्या वयाला पोचला. ही आनंदाचीच गोष्ट आहे. मात्र या वयाबरोबर नवी जबाबदारी आली. जगभरचे अनेक अभ्यास एकत्र करून २०१८ साली जो निष्कर्ष निघाला, तो असा की, एच.आय.व्ही. असलेल्या माणसाला हृदयविकार व पक्षाघात यांचा धोका इतरांच्या मानाने सुमारे दुप्पट असतो.

इन्शुलिन ऐकू न येणे

आता या धोक्याचे मूळ पाहू. आपण भात, भाकरी, साखर खातो, त्याची साखर होऊन रक्तात येते. ती रक्तातून स्नायूंत आणि इतर पेशींत जावी म्हणून स्वादुपिंड इन्शुलिन नावाचा रस सोडते. आमच्या बँकेतला दाखला देतो. सोमवारी सकाळी हॉलमध्ये गर्दी आहे. शिपाई टोकन नंबर पुकारतो, काउंटरवाला ऐकतो, माणसाचे काम होते, गर्दी हटते. रक्त म्हणजे हॉल, साखर म्हणजे गर्दी, पेशी म्हणजे काउंटर आणि इन्शुलिन म्हणजे तो शिपाई. आता काउंटरवाल्यांना ऐकू येईनासे झाले तर काय होईल? एकाच्या जागी चार शिपाई उभे राहून ओरडतील. गर्दी हटेल, बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल सगळे ठीक चालले आहे. पण आत गोंगाट माजलेला असेल. याला डॉक्टर इन्शुलिन रेझिस्टन्स म्हणतात. आपण त्याला इन्शुलिनला शरीराने दाद न देणे असे म्हणू.

यातली फसवी बाब अशी की, या अवस्थेत साखरेचा रिपोर्ट कितीतरी वर्षे चांगला येतो. कारण चार शिपाई काम रेटून नेतात. दरम्यान यकृत जास्त चरबी रक्तात सोडते, ट्रायग्लिसराइड वाढते, चांगले कोलेस्टेरॉल कमी होते, रक्तदाब चढतो आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या बाजूस चरबीचे थर बसू लागतात. पुढे शिपाई थकतात आणि मग रिपोर्टात मधुमेह दिसतो. पण हृदयाचे नुकसान त्याआधीच सुरू झालेले असते. रक्तदाब, चरबी आणि साखर यांचे दुखणे मिळून असते, हे अमेरिकेतील डॉ. जेराल्ड रिव्हन यांनी १९८८ साली मांडले.

"आम्ही तर बारीक, आम्हांला कसला मधुमेह?" असे आपल्याकडे म्हणतात. त्याचे उत्तर पुण्यातच सापडले. के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर बायका आणि त्यांची बाळे यांचा अभ्यास केला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. पण आपल्या बाळांच्या अंगात कमी पडले होते ते मांस. चरबी त्या मानाने टिकून होती. २००४ साली त्यांनी स्वतःचा आणि इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो लॅन्सेट या नियतकालिकात छापला. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३. पण अंगातली चरबी डॉ. युडकिन यांची ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाट्याला दोघे सारखे, आतून निराळे. पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी राहिलेल्या आपल्या समाजाने या गोष्टीचा विशेष विचार केला पाहिजे. उपाशी आईच्या पोटातून आलेले शरीर चरबी साठवायला शिकलेले असते, आणि त्याला पुढे खुर्ची, साखर व पांढरा भात मिळाला की ते आजारी पडते.

एच.आय.व्ही.ने त्यात भर कशी पडते?

तीन वाटांनी पडते. पहिली वाट विषाणूची. गोळ्यांनी विषाणू दबतो, पण शरीरातून संपूर्ण जात नाही. त्याच्याशी शरीराची धुसफूस चालूच राहते आणि त्या दाहाने रक्तवाहिन्यांचे अस्तर खराब होते.

दुसरी वाट औषधांची. मोफत औषधांच्या सुरुवातीच्या काळात स्टॅव्ह्युडिन नावाची गोळी दिली जाई. तिने लाखोंचा जीव वाचवला हे विसरू नये. पण तिने गालांची व हातापायांची चरबी झडे आणि इन्शुलिनचे काम बिघडे. गावात बसलेल्या गालांवरून माणूस ओळखला जाई, तो या गोळीचा परिणाम होता. २००९ साली जागतिक आरोग्य संघटनेने ती मागे घेण्याची शिफारस केली आणि पुढे आपल्याकडेही ती बंद झाली. दुसऱ्या फळीतील काही जुन्या गोळ्यांनी चरबी आणि साखर वाढते. आजची डॉल्युटेग्राव्हिर असलेली गोळी कितीतरी चांगली आहे. पण तिच्यावर काहींचे वजन वाढते, क्वचित कुणाची साखर एकाएकी चढते. म्हणून वजन आणि साखर यांवर नजर ठेवावी लागते.

तिसरी वाट आपल्या राहणीची, आणि ती आपल्या हातातली आहे. तंबाखू, विडी, दारू, जागरण, चिंता. हा आजार लपवणारा माणूस सतत धास्तीत असतो. बायकांची गरोदरपणात तपासणी होते, त्या निमित्ताने त्या दवाखान्याच्या संपर्कात येतात. पुरुष अंगावर काढतो. छातीत दुखले तरी पित्त म्हणतो. म्हणून हा विषय आम्ही पुरुषांपुढे मांडत आहोत. अर्थात धोका स्त्रियांनाही आहेच.

हे ऐकून कुणी म्हणेल, औषधानेच हृदय बिघडते तर औषधच बंद करू. मित्रहो, ही सर्वांत घातक चूक होईल. ३३ देशांतील सुमारे साडेपाच हजार रुग्णांवर 'स्मार्ट' नावाचा अभ्यास झाला. काहींना सलग औषध दिले, काहींचे मधून मधून थांबवले. थांबवलेल्यांमध्ये मृत्यू तर जास्त झालेच, पण हृदयाचे आजारही जास्त झाले. तेव्हा २००६ साली ती पद्धत थांबवावी लागली. मोकाट विषाणू हा हृदयाचा गोळीपेक्षा मोठा शत्रू आहे. तेव्हा ए.आर.टी.ची एकही गोळी चुकवायची नाही, हा पहिला नियम.

आशेची बातमी

२०२३ साली 'रिप्रीव्ह' नावाच्या अभ्यासाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील डॉ. स्टीव्हन ग्रिन्स्पून यांच्या नेतृत्वाखाली १२ देशांत, त्यांत भारतातही, ४० ते ७५ वयाच्या ७,७६९ एच.आय.व्ही.बाधितांवर तो झाला. ज्यांचा हृदयविकाराचा धोका फार मोठा धरला जात नव्हता, अशाच लोकांना त्यात घेतले होते. निम्म्यांना पिटाव्हास्टॅटिन ही चरबीवरची गोळी रोज दिली, निम्म्यांना नुसती दिसायला तशीच गोळी. ज्यांना खरी गोळी मिळाली त्यांच्यात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात अशा मोठ्या घटना सुमारे ३५ टक्क्यांनी कमी झाल्या. फायदा इतका स्पष्ट होता की अभ्यास मुदतीआधी थांबवला गेला.

याचा अर्थ प्रत्येकाने मेडिकलमधून स्टॅटिन आणून खावी असा नाही. या गोळीने काहींचे स्नायू दुखतात, काहींची साखर किंचित वाढते आणि काही स्टॅटिन ए.आर.टी.च्या ठरावीक गोळ्यांबरोबर अजिबात चालत नाहीत. पण चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक बाधिताने आपल्या डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारावा, "साहेब, मला ही गोळी लागेल का?" आमच्या मित्राने हा प्रश्न कधी विचारला नाही, कारण असा प्रश्न असतो हेच आम्हां कुणाला ठाऊक नव्हते.

आपण काय करावे?

पहिली गोष्ट, शिंप्याची टेप घ्या. पोटाचा घेर मोजा. आपल्याकडील पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत असावा, स्त्रीचा ८० च्या आत. मानेभोवती, काखेत कातडी काळी व जाड झाली असेल, तर तो मळ समजून घासत बसू नका. इन्शुलिन नीट काम करीत नसल्याची ती खूण असू शकते.

दुसरी गोष्ट, निदान वर्षातून एकदा रक्तदाब, उपाशीपोटी साखर आणि रक्तातली चरबी तपासून घ्या. उपाशीपोटी साखर १०० च्या आत असावी. १०० ते १२५ म्हणजे धोक्याची घंटा, १२६ किंवा अधिक दोनदा आली तर मधुमेह. मित्राची ११८ होती. "थोडी वाढली आहे" म्हणून ती फायलीत झोपून राहिली. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी एच.आय.व्ही.बाधितांमध्ये कधी कधी खऱ्याहून कमी आकडा दाखवते, म्हणून तिच्यावरच विसंबू नये.

तिसरी गोष्ट, तंबाखू. विडी, सिगारेट, गुटखा, मिसरी यांना सोडचिठ्ठी द्या. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. पण आपल्या खिशावर बंदी आपणच घातली पाहिजे. दारूबद्दल वेगळे काय सांगावे? पंचशीलातले पाचवे शील आपण दर पौर्णिमेला घेतो. ते हृदयाचेही रक्षण करते.

चौथी गोष्ट, ताट. आपला मुलूख भाताचा. राजगड-तोरण्याच्या कुशीत आणि नीरा-गुंजवणीच्या काठी इंद्रायणीचा वास दरवळतो. भात सोडा असे आम्ही म्हणणार नाही. पण ताटातला भाताचा ढीग अर्ध्यावर आणा आणि त्या जागी पालेभाजी, उसळ, वरण घ्या. नाचणीची भाकरी आपल्या डोंगरातलीच आहे. पाहुण्यांपुढे ठेवायला आपण लाजतो, लाजू नये. दिवसातून सहा वेळा गोड चहा पिणाऱ्याने तो दोनवर आणावा.

या बाबतीत संयुत्त निकायात एक कथा आहे. कोसलचा राजा प्रसेनजित मापच्या माप भात खाई. जेवून धापा टाकतच तो भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला उपवास सांगितला नाही, हिणवले नाही. जो माणूस जागृत राहून आपले जेवण बेताने घेतो त्याच्या वेदना कमी होतात आणि आयुष्य सांभाळले जाते, असा बोध केला. राजाने एका तरुणाला तो बोध पाठ करून आपल्या दर जेवणाच्या वेळी म्हणायला लावले. हळूहळू जेवण बेतावर आले आणि राजाचे शरीर हलके झाले. यात दोन गोष्टी आहेत. बदल हळूहळू करावा, आणि आठवण करून द्यायला शेजारी आपले माणूस असावे.

पाचवी गोष्ट, रोज अर्धा तास भरभर चालणे. शेतीचे काम हंगामापुरते असते. उरलेले महिने आपण पारावर काढतो. चालणाऱ्या स्नायूला इन्शुलिनची हाक लवकर ऐकू येते.

आणि सहावी गोष्ट, छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, थंड घाम, श्वास कोंडणे यांतले काही झाले तर पित्त म्हणून बसू नका. १०८ ला फोन लावा. वेल्ह्याच्या आडगावातून पुणे लांब आहे, पावसाळ्यात आणखी लांब. म्हणूनच एक तासही घालवता कामा नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी व बायपास यांचा समावेश आहे. पैशाच्या भीतीने कुणी घरी थांबू नये.

दोन फायलींची गाठ

आता मूळ मुद्द्याकडे येतो. वरच्या सगळ्या गोष्टी करूनही दोन फायली वेगळ्याच राहिल्या तर उपयोग नाही. आम्ही बँकेत संध्याकाळी हिशेब जुळवल्याशिवाय उठत नाही. एका खातेदाराची दोन खाती असली आणि एकात जमा व दुसऱ्यात कर्ज असले, तर दोन्ही पाहिल्याशिवाय त्याची खरी परिस्थिती कळत नाही. शरीराचेही तसेच आहे.

उदाहरणे देतो. मधुमेहावर मेटफॉर्मिन ही नेहमीची गोळी. डॉल्युटेग्राव्हिर चालू असेल तर रक्तात मेटफॉर्मिनचे प्रमाण वाढते, म्हणून तिची मात्रा बेताची ठेवावी लागते. साखरेच्या डॉक्टरांना हे माहीत नसेल तर ते नेहमीप्रमाणे मात्रा वाढवत जातील. पित्ताच्या गोळ्या आणि लोह-कॅल्शियमच्या गोळ्या यांनी डॉल्युटेग्राव्हिर अंगी लागत नाही. म्हणून पित्ताच्या गोळीआधी किमान दोन तास किंवा तिच्यानंतर सहा तासांनी ए.आर.टी.ची गोळी घ्यायची असते. आमचा मित्र चार दिवस पित्ताच्या गोळ्या खात होता. त्या दोन्ही अर्थांनी चुकीच्या होत्या.

माणूस सांगत नाही, कारण त्याला भीती वाटते. ती भीती अकारण नाही. पूर्वी एका दवाखान्यात त्याला बाहेरच्या बाकावर सर्वांत शेवटी बसवले होते, हे तो विसरला नव्हता. परंतु आता कायदा आहे. एच.आय.व्ही. आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार उपचार, नोकरी, शिक्षण, भाड्याचे घर यांत बाधिताशी भेदभाव करता येत नाही आणि त्याच्या संमतीवाचून त्याची माहिती कुणाला देता येत नाही. डॉक्टरला सांगणे म्हणजे गावाला सांगणे नव्हे, हे आपण आपल्या माणसांना पटवून दिले पाहिजे. ए.आर.टी.ची फाइल साखरेच्या डॉक्टरांना दाखवा आणि साखरेचा कागद ए.आर.टी. केंद्रात न्या. एवढे एक काम केले तरी आजचे व्याख्यान सार्थकी लागले.

आपली जबाबदारी

विनयपिटकात एक प्रसंग आहे. एक भिक्खू हगवणीने आजारी, स्वतःच्या घाणीत पडलेला होता. कुणी त्याच्याकडे पाहत नव्हते, कारण तो इतरांच्या काही उपयोगी पडत नव्हता. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. भगवंतांनी पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले, दोघांनी मिळून त्याला उचलून मंचावर ठेवले. मग संघाला बोलावून त्यांनी समजावले की, येथे तुमचे आईबाप नाहीत. तुम्ही एकमेकांकडे पाहिले नाही तर कोण पाहणार? आजाऱ्याची सेवा ही माझीच सेवा समजा. तो आजार कसा झाला, कुणाच्या चुकीने झाला, हे भगवंतांनी विचारले नाही. आपण मात्र पहिला प्रश्न तोच विचारतो.

बाबासाहेबांनाही मधुमेह होता. पायांच्या वेदनांनी ते हैराण असत. डॉ. मालवणकरांचे उपचार आणि माईसाहेबांची शुश्रूषा यांच्या आधाराने त्यांनी अखेरची वर्षे काढली, आणि त्या खंगलेल्या शरीराने १९५६ साली आपल्याला दीक्षा दिली. धम्मग्रंथाचे काम ते ६ डिसेंबर १९५६ ला महापरिनिर्वाण होईपर्यंत करीत राहिले. त्यांचा मधुमेह आपण आदराने सांगतो, आणि शेजाऱ्याच्या आजाराची कुजबूज करतो. एका आजाराला मान आणि दुसऱ्याला विटाळ, ही अस्पृश्यताच नव्हे काय? जिच्यातून बाहेर पडण्यासाठी आपण धम्म स्वीकारला, ती आपणच आपल्या माणसाच्या वाट्याला देऊ नये.

म्हणून संस्थेपुढे आमच्या तीन सूचना आहेत. एक, दर पौर्णिमेला विहारात वंदनेनंतर सर्वांचाच रक्तदाब आणि पोटाचा घेर मोजावा. सर्वांचा, म्हणजे कुणा एकाकडे बोट जाणार नाही. दोन, विद्यार्थ्यांनी घरोघरच्या वडीलधाऱ्यांना वर्षातून एकदा तपासणीची आठवण करावी. प्रसेनजिताच्या त्या तरुणासारखे व्हावे. तीन, कुणी पुण्याला केंद्रावर जात असेल आणि त्याने विश्वासाने आपल्याला सांगितले असेल, तर सोबत जावे, पिशवी धरावी आणि बोलू नये.

शेवटी आमची कबुली. मित्राचे गुपित आम्ही अनेक वर्षे सांभाळले, याचा आम्हांला अभिमान होता. पण आम्ही त्याचे गुपित सांभाळले, त्याला सांभाळले नाही. "छातीत कधी दुखते का? साखर केव्हा तपासली?" हे दोन प्रश्न विचारायला ना पदवी लागत होती, ना पैसा. आता त्याच्या दोन्ही फायली त्याच्या पत्नीने एका दोऱ्याने एकत्र बांधून ठेवल्या आहेत. आपल्यापैकी ज्यांच्या घरी अशा दोन फायली असतील, त्यांनी त्या आजच, माणूस असतानाच, एकत्र बांधाव्यात.



भवतु सब्ब मंगलं. नमो बुद्धाय! जयभीम!